मुक्याचे दुखणे

मुका जीव आजारी आहे हे ओळखायचे कसे? प्रश्न वैद्याचा दिसतो, पण तो तितकाच नीतीचाही आहे. ज्याला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मुलांनी हौसेने काचेची मोठी पेटी ठेवली आहे. तिच्यात हातभर लांबीचा एक मिशाळ मासा आहे. दुकानदार असले मासे ‘शार्क’ म्हणून विकतात. पण शार्कशी त्यांचे काही नाते नाही. हा मेकाँग नदीकडचा पंगस, आमच्या बोड्यांतल्या मागुराचा दूरचा भाऊबंद. मोकळ्या पाण्यात ही जात मीटरभराहूनही लांब वाढते.

गेल्या उन्हाळ्यात त्याने खाणे सोडले. तो तळाशी पडून राही, मधूनच वर येऊन हवा गिळी. झाले! शाळाभर निदानांना ऊत आला. कोणी म्हणाले, पोट बिघडले. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. एकाने मिठाची पुडी आणली, दुसऱ्याने औषधाची बाटली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक ढिवराचा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, हा आधी किती वेळा वर येत होता?”

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. मागूर वर येऊन हवा घेतो तो त्याचा स्वभावच. कल्ल्यांच्या जोडीला हवेत श्वास घेण्याची वेगळी सोय त्याच्या अंगात असते. पंगसही अधूनमधून हवा घेतो. पण पहाटे रोहूंचा थवा पाण्यावर तोंड काढून आ वासू लागला, तर ढिवराला कळते की तलावात प्राणवायू सरत आला. खूण एकच; एकाचे ते आरोग्य, दुसऱ्याचे संकट. पंगस दचकला की काचेवर धडका घेतो आणि मग मेल्यासारखा तळाशी पडतो; तेही भय असते, रोग नव्हे.

उत्तर दिले ते त्याला रोज दाणे घालणाऱ्या मुलीने. “रोज माझी सावली पडली की हा पुढे यायचा. सोमवारपासून येत नाही. कल्लेही भराभर हलतात.” तिने औषधाचे नावसुद्धा काढले नाही, पण निदानाची वाट तिनेच दाखवली.

आम्ही पाण्याकडे वळलो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पस्तीस अंशांना तो ७ वर येतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना, त्यात उरलेले दाणे कुजून होणारा अमोनिया! शिवाय या माशाच्या अंगावर खवले नाहीत. मीठ आणि औषधे त्याला चटकन झोंबतात. म्हणून आम्ही पुडी आणि बाटली बाजूला ठेवली, कुजके दाणे काढले, रोज थोडे थोडे पाणी बदलले, हवेचा पंप वाढवला. आठवड्याने तो पुन्हा सावलीकडे येऊ लागला. आजार होता तो पाण्याचा.

याच जिल्ह्यात हीच रीत माणसांच्या कामी आली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना बाळांचे श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांखालचे बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. त्या कामाचा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे १९९९ साली नवजात बाळांच्या घरगुती सेवेवरचा लेख आला. तिथल्या आजाराच्या खुणा पाहा: आधी नीट रडत होते, आता रडणे क्षीण झाले, आधी दूध ओढत होते, आता थांबले. त्या ‘आधी’ शब्दात सारे वैद्यक आले. आणि ते ‘आधी’ आईलाच ठाऊक असते.

मला वाटते, उतावळेपणाने दिलेले औषध पुष्कळदा आपल्याच काळजीला दिलेले असते. त्याने आपल्याला बरे वाटते, रोग्याला नव्हे. दुसऱ्याचे दुखणे ओळखण्याचा अधिकार कळवळ्याने मिळत नाही, पदवीनेही पुरता मिळत नाही. काही दुखत-खुपत नसतानाच्या साध्या दिवसांत ज्याने त्याच्याकडे रोज पाहिले, त्याचा तो अधिकार.

आणि मुके का फक्त मासे असतात? दिवाळीला घर भरते. दरसाल पहिली चकली आपल्या हाताने तळणारी आजी यंदा बाजूला बसलेली असते. “बरी आहे हो मी,” असे ती प्रत्येकाला सांगते, आणि पाहुणे विश्वास ठेवतात. ती आधी कशी होती, हे घरात कोणाला आठवते? निदान एकाला तरी आठवायला हवे.