कडब्यासकट ज्वारी

कुठलं पीक महत्त्वाचं, हे आपण हेक्टरी किती क्विंटल उतरले यावरून ठरवतो. या हिशेबात रब्बी ज्वारी दरवर्षी हरते. ‘परवडत नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो आणि तिच्या रानात ऊस येतो. मला हा हिशेबच अपुरा वाटतो. पीक कोणत्या मातीत, किती पाण्यावर उभं राहतं हे वगळून त्याचं मोल ठरवताच येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढ्याचं शिवार घ्या. काळी, खोल, सपाट जमीन. पाऊस जेमतेम, आणि त्यातला भरवशाचा म्हणावा तो सप्टेंबरातला. म्हणून इथे ज्वारीच्या रानात मृगावर पेरणी होत नाही. पावसाळाभर रान कुळवून मोकळं ठेवायचं, वाफे पाडून पाणी जागीच मुरवायचं आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाभर धरायची. हेक्टरी १० किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर. पेरणी लांबली तर खोडमाशी पोंगा मारते आणि पुढे ओलही कमी पडते. त्यानंतर पाऊस येवो न येवो, पिकाने जगायचं ते जमिनीच्या पोटातल्या ओलीवर.

डिसेंबरात या रानात उतरून पाहावं. जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. या भेगा कोवळी मुळं तोडतात आणि खालची ओल वाऱ्यावर उडवतात. अशा वेळी तण नसलं तरी कोळपं चालवायचं असतं. कोळप्याची फास वरचा थर भुसभुशीत करते, ती माती भेगेत उतरते आणि ओल आत कोंडली जाते. पाण्याचा थेंब न देता केलेलं हे पाणी-व्यवस्थापन आहे. १९३३ साली सोलापुरात सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने ही विद्या मोजूनमापून पक्की केली. एवढं करूनही दाणा भरायच्या वेळी ओल संपली, तर खडखड्या रोग येतो, ताट आतून पोकळ होतं आणि उभं रान आडवं पडतं. ज्वारीला पाणी लागत नाही, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिला कमी पाणी लागतं, पण ते वेळेवर लागतं.

रब्बीच्या कोरड्या हवेचीच देणगी म्हणजे दाण्याचा मोतिया रंग. खरिपातल्या संकरित ज्वारीचं कणीस ऐन पक्वतेच्या वेळी पावसात सापडतं, दाणा काळवंडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. रब्बीची ज्वारी उन्हात आणि थंडीत पिकते. स्थानिक वाणातून मोहोळला निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ कितीतरी दशकं टिकली ती याच दाण्यावर, भाकरीच्या चवीवर आणि कडब्यावर. नंतर भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’, हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’ असे वाण आले. जमिनीची खोली पाहून वाण निवडायचा, हा त्यातला खरा धडा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण खरी गोष्ट कडब्याची आहे. धान्याच्या दुपटी-तिपटीने तो निघतो. कृष्णा-भीमेच्या पट्ट्यातली पंढरपुरी म्हैस याच कडब्यावर दूध देते. पाऊस हुकला, की कडब्याच्या पेंढीचा भाव आधी चढतो, कारण माणसाला रेशनवर धान्य मिळतं, पण दावणीच्या जनावराला रेशन दुकान नाही. उत्पादकतेच्या तक्त्यात मात्र फक्त दाणा मोजला जातो. म्हणजे पिकाचा मोठा भाग आपण कागदावर आणतच नाही आणि मग पीक तोट्याचं ठरवतो.

शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. काढणी हे जिवावरचं काम आहे. ताटं हाताने मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, बायकांनी बसून कणसं खुडायची, मग मळणी. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी झेपत नाही. मोठ्या यंत्राने काढावी तर कडब्याचा चुरा होतो. म्हणून ताट अखंड ठेवून काढणी करणारं, छोट्या शेतकऱ्याला भाड्याने परवडणारं यंत्र ही या पिकाची आजची सगळ्यात मोठी गरज आहे. नव्या वाणाइतकाच पैसा आणि डोकं तिकडे लावायला हवं.

दुसरी गोष्ट भावाची. केंद्राने मालदांडीचा हमीभाव वेगळा ठेवलेला आहे. २०२४-२५ साठी तो संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये आणि मालदांडीला ३,४२१ रुपये होता. म्हणजे फरक ५० रुपयांचा. जे पीक खोल जमिनीतल्या ओलीवर येतं, धरणाचं पाणी मागत नाही, घरासाठी भाकरी आणि गोठ्यासाठी वैरण एकाच ताटावर देतं, त्याची किंमत क्विंटलमागे ५० रुपये जास्त, हे मला मान्य नाही. उसाला पाटाचं पाणी, वीज, कर्ज आणि कारखान्याची हमी मिळते. त्यातला थोडा वाटा ज्वारीला मिळाला तरी हे रान तिच्याखाली राहील. हा भाव वाढवा, कडबा हिशेबात धरा आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला पुन्हा ज्वारी परवडू द्या.