येथे रोख रक्कम स्वीकारली जात नाही

सुटीत आपण समुद्रकिनारी गेलात तर एखाद्या रिसॉर्टच्या उपाहारगृहात किंवा नौकाविहाराच्या तिकीट-खिडकीवर वरील शब्दांची पाटी आपल्या दृष्टीस पडू शकते. २०१६ साली यूपीआयची सोय सुरू झाली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली, आणि २०२० च्या महासाथीत पुष्कळांना नोट हाताळणेच नकोसे झाले. बाहेर वाळूवर उभा असलेला शहाळेवालाही गाडीला क्यूआर कोडचा कागद चिकटवतो. परंतु नोट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो परत पाठवत नाही. नवी वाट उघडणे निराळे आणि जुनी बंद करणे निराळे. आपल्याला विचार करायचा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

व्यावसायिकाची कारणे खोटी नाहीत. सुट्ट्या पैशांची टंचाई, बनावट नोटा, गल्ल्यातील हातचलाखी, रात्री उशिरापर्यंत न जुळणारा हिशेब, हे सर्व त्यालाच सोसावे लागते. तरुण पाहुण्यांना तर ती पाटी दिसतही नाही. परदेशी पाहुणा थोडा कुरकुरतो आणि कार्ड पुढे करतो. कोंडी होते ती कुटुंबाबरोबर आलेल्या आजीची. निवृत्तिवेतनातून राखून ठेवलेल्या पैशांतून नातवंडांना आइस्क्रीम देण्याची तिला हौस असते. ती रुमालाची गाठ सोडून नोट काढते, खिडकीतला मुलगा नम्रपणे मान हलवतो आणि मागून तिचा लेक फोन पुढे करतो. “राहू दे आई, मी देतो.” आइस्क्रीम मिळते, तिचे पैसे वाचतात, कोणी उद्धट शब्द बोललेले नसते. तरीही काहीतरी हिरावले गेलेले असते. ती देणारी म्हणून पुढे झाली होती. ती घेणारी होऊन मागे सरली. १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमाचे २६ वे कलम तिच्या हातातील नोटेला देशभर वैध चलन म्हणते. तिची मात्र समजूत होते की, आपल्याच पैशांत काही खोट आहे. ‘गैरसोय’ ह्या शब्दात हे सारे मावते असे मला वाटत नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात सराफांचे चौरंग पालथे केल्याचा प्रसंग आहे. भाषांतर करताना हा ‘सराफ’ शब्द मला नेहमी अडवतो, कारण आजच्या वाचकापुढे त्याने सोन्याची पेढी उभी राहते. मंदिरात बसलेले ते लोक नाणी बदलून देणारे होते. मंदिराचा कर सोर नगराच्या चांदीच्या नाण्यांत द्यावा लागे. त्या नाण्यावर मेल्कार्ट दैवताचे मुख होते, तरी त्यातील चांदी शुद्ध म्हणून ते चाले! अदलाबदलीवर अधिभार पडे, त्याचे नियम मिश्ना ह्या यहुदी ग्रंथात नोंदलेले आहेत. म्हणजे तेथील व्यवस्थापकांचेही कारण व्यवहारदृष्ट्या रास्तच होते. ओझे मात्र दूरवरून भलतेच नाणे घेऊन आलेल्या यात्रेकरूवर पडत होते. प्रभूचा कोप केवळ नफेखोरीवर होता असे आपण उपदेशांत ऐकतो. ते मला अपुरे वाटते. त्या वेळी त्याने यशयाच्या ज्या वचनाची आठवण दिली, ते सर्व राष्ट्रांना दार मोकळे असण्याविषयीचे आहे.

रिसॉर्ट म्हणजे मंदिर नव्हे आणि मालकाला आपल्या धंद्याची रीत ठरवण्याचा अधिकार आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु त्या अधिकारालाही मर्यादा असू शकते. किनाऱ्यावरील पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०१९ साली, काही अपवाद ठेवून, किरकोळ विक्रेत्यांना रोख नाकारण्यास कायद्याने मनाई केली. मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा १९७८ पासून आहे. आणि लेवीयच्या १९ व्या अध्यायातील शेतमालक पाहा. शेत त्याचे, पीक त्याचे, कोपऱ्यापर्यंत कापणी करणे अधिक किफायतशीर. तरी तो कोपरा त्याने उपऱ्यासाठी व गरिबासाठी सोडायचा होता. खिडकीमागे एक लहानसा गल्ला ठेवणे, त्यातली मोजणी, त्यातला थोडा मनस्ताप, हा मला त्या कोपऱ्यासारखा वाटतो.

आपल्या मंडळीचे पुढील शिबिर समुद्रकाठी भरणार असेल, तर आरक्षण करताना खोल्यांच्या दरांबरोबर एवढेही विचारून घ्या: आमच्यापैकी ज्या वृद्ध भगिनींजवळ तसला फोन नाही, त्यांच्या हातून तुम्ही चहाचे पैसे घ्याल ना?