कचऱ्याची मुदत ठेव

वस्तू टाकायला हात लागतो आणि टाकावी की नाही हे ठरवायला विवेक. माझ्याकडे दोन्ही नाहीत, असं आमच्या सौ.चं मत आहे. पण परवा भाच्याच्या संगणकानं हा प्रश्न माझ्याच टेबलावर आणून टाकला.

त्यानं घरच्या संगणकातली जागा एका जाळ्याला भाड्यानं दिलीय. लोकांच्या फायली कुलूपबंद होतात, त्यांचे तुकडे होतात आणि ते देशोदेशीच्या अशा घरगुती संगणकांवर जाऊन पडतात. कुणाच्या लग्नाच्या फोटोचा एक तुकडा ठाण्यात, दुसरा बर्लिनमध्ये! थोडक्यात, आमचा लॉकरचाच धंदा. मालकानं फाईल काढली की पुढेमागे केंद्राकडून एक चाळणी येते. तिचं तत्त्व बर्टन ब्लूम या गृहस्थांनी १९७० साली मांडलं. चाळणीत नापास झालेले तुकडे 'ट्रॅश'मध्ये जातात आणि ७ दिवसांनी कायमचे पुसले जातात. निदान जावेत, अशी अपेक्षा.

भाच्याकडे महिन्यापूर्वीच्या तारखांची फोल्डरं तशीच पडून. पाटीवर 'कचरा शून्य' आणि डिस्क तुडुंब! वही आणि तिजोरीचा ताळा जमेना म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. कचऱ्याला भाडं नाही, म्हणून भाचा हातघाईवर आला. "मामा, सरळ हातानं उडवून टाकतो!"

"थांब. माल कुणाचा? आधी नोंदी बघ."

नोंदी सांगत होत्या, की साफसफाई रोज सुरू होई आणि एकदाही संपत नसे. लाखो बारीक तुकडे, डिस्क धिमी आणि मध्येच वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. दर दिवाळीला आमचा माळा असाच साफ होतो.

त्या चाळणीचा एक गुण मात्र मला फार आवडला. नको असलेल्या तुकड्याला ती चुकून 'ठेवा' म्हणेल, पण हव्या असलेल्याला 'टाका' कधीच म्हणणार नाही. चुकून ठेवलेलं उद्या टाकता येतं; चुकून टाकलेलं परत ठेवता येत नाही. मग वर ७ दिवस कशाला? चाळणी कितीही चोख असली तरी ती बनवणारी माणसंच असतात, म्हणून.

बँकांनाही १९८५च्या नियमांनी काही कागद किमान ५ वर्षं, काही ८ वर्षं जपावे लागतात. १० वर्षं न हललेल्या ठेवी २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, तरी वारसदार आला की पैसे मिळतात. विसरणं हा मालकाचा हक्क आहे. त्याच्या विसरण्याचा फायदा उठवणं हा राखणदाराचा नव्हे.

पण मुदत संपल्यावरही ठेवून घेणं? वाचकहो, तीही बेइमानीच. ज्यानं विश्वासानं 'पुसा' म्हटलं, त्याला आपण 'पुसलं' असं खोटंच सांगत असतो. म्हणून भाच्याला संगणक इन्व्हर्टरवर टाकायला लावला, इतर कामं थांबवली आणि साफसफाईला तिच्या गतीनं पुरं होऊ दिलं. तीन दिवसांनी ताळा जमला.

राखणदारानं दोनच गोष्टी पाळाव्यात : मुदतीआधी हात लावू नये आणि मुदतीनंतर हात आखडू नये. मधल्या ७ दिवसांत चहा प्यायला हरकत नाही.