लिडियाचा नकार

संडे स्कूलच्या वर्गात हेन्री मार्टिनची गोष्ट सांगून झाली, तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "पण सर, ती बाई हिंदुस्थानात का नाही आली?" मी उत्तर टाळले व पुढचे गीत सुरू केले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

ती बाई म्हणजे लिडिया ग्रेनफेल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा त्या काळी कथील व तांब्याच्या खाणींचा प्रांत होता. तेथील ट्रूरो गावी १७८१ साली मार्टिन जन्मला. त्याचे वडील खाणीतल्या कामावरून वर येऊन एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झालेले. समुद्रकाठच्या मॅराझायन गावचे ग्रेनफेल घराणे मात्र नावाजलेले. लिडियाचा भाऊ पास्को हा तांब्याचा मोठा व्यापारी व पार्लमेंटचा सभासद होता. लिडिया मार्टिनहून सहा वर्षांनी मोठी होती.

१८०५ साली मार्टिन कंपनीचा पाद्री म्हणून निघाला. वाटेत जहाजे फाल्मथ बंदरात थांबली, म्हणून त्याला मॅराझायनला जाऊन तिला भेटता आले. वारा अनुकूल होताच त्याला धावतपळत जहाज गाठावे लागले. त्यानंतर ती दोघे कधीच भेटली नाहीत. जुलै १८०६ मध्ये त्याने बंगालमधून पत्र लिहून तिला लग्नासाठी बोलावले. नकार त्याच्या हाती पडला तो ऑक्टोबर १८०७ मध्ये. पंधरा महिने! आपण आठवडाभर उत्तर आले नाही तर रुसतो.

व्यासपीठावरून आपण लिडियाचे नाव थोडे खालच्या सुरात घेतो. मीही घेतले आहे. परंतु तिची बाजू पाहा. तिच्या आईची संमती नव्हती, आणि पाचवी आज्ञा आपणच मुलांकडून पाठ करून घेतो. शिवाय पूर्वी तिचे लग्न एका वकिलाशी ठरून मोडले होते, व तो अविवाहित असेपर्यंत आपण लग्न करणे योग्य नाही असे तिच्या मनाने घेतले होते. ही टोचणी मला जरा अतीच वाटते. विवेकाचे नाव घेऊन भीतीही बोलू शकते, हे तिला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. पण तिने ती सोयीसाठी रचली नव्हती. तिची रोजनिशी छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. तिच्यातील काही भाग १८९० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात पानोपानी स्वतःशीच झगडणारी बाई दिसते.

आणि मार्टिन? एकट्यानेच राहून सेवा करावी असे प्रथम त्यालाही वाटे. कलकत्त्यास वडीलधाऱ्या मित्रांनी समजावले, तेव्हा त्याचे मत फिरले. स्वतःसाठी देवाची इच्छा कोणती हे ओळखायला ज्याला इतका काळ लागला, त्याने दुसऱ्याकडून तत्काळ खात्रीची अपेक्षा करावी का? पाचारण ज्याला होते त्याचे असते. ते प्रेमाच्या पत्रात घालून दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. आपल्या मंडळ्यांतही "देवाने मला दाखवले" म्हणून बायकोची बदली, मुलाचे शिक्षण ठरवणारे बंधू आहेत. त्यांच्या बायकोला काय दाखवले, हे विचारायचे राहून जाते.

मार्टिनच्या थोरवीला याने बाध येत नाही. दानापूर-कानपूरला त्याने उर्दू नवा करार सिद्ध केला. १८११ साली गोवा व मुंबईमार्गे तो इराणला गेला, शिराझला फारसी भाषांतर पुरे केले, आणि १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे वारला. वय एकतीस.

नकारानंतर काही वर्षांनी लिडियाने बहिणीच्या नात्याने त्याला पत्रे लिहू लागण्याचे कबूल केले. त्यानेही लिहिणे थांबवले नाही. तिला त्याचे शेवटचे पत्र तब्रीझहून ऑगस्ट १८१२ अखेर गेले. ती १८२९ पर्यंत जगली व अविवाहितच राहिली.

पुढच्या रविवारी त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की तिलाही विचारायला हवे होते. ती म्हणाली, "मग सर, गोष्टीत तिचे बोलणे का नाही?"