विचारले नाही म्हणून सांगितले नाही

‘त्यांनी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.’ हे वाक्य आपणांपैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा उच्चारलेले असते. वाक्य खोटे नसते. अगदी खरे असते, आणि म्हणूनच ते उच्चारल्यावर मनाला आराम वाटतो. परंतु एकही खोटा शब्द न बोलता माणूस दुसऱ्याला फसवू शकतो काय? या प्रश्नाचा मला नेटाने विचार करावा लागला, तो आमच्या मंडळीतील एका तरुणामुळे.

हा तरुण बडोद्याचा. सहा वर्षे मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी केल्यावर त्याने जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा स्वतःचा धंदा सुरू केला. भांडवल म्हणजे त्याची स्वतःची शिल्लक आणि आईच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम. सुरुवात त्याने रीतीने केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन अधिकाऱ्यांकडून अधिकारपत्र घ्यावयाचे असते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे फॉर्म २९सी भरून कळवावयाचे असते. तेव्हापासून गाडी विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी व्यापाऱ्यावर राहते. पूर्वी कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी चार हातांतून फिरे आणि अपघात झाला की मूळ मालकाच्या नावाने समन्स येई. नोंदणी ज्याच्या नावे, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. आमच्या तरुणाने अधिकारपत्र काढले, प्रत्येक गाडीचे आरसी बुक तपासले, बँकेचा बोजा उतरला की नाही ते पाहिले. तरीही तो तिसऱ्याच गाडीला फसला.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा बडोद्यात कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या, हे आपण पाहिले आहे. अशीच एक गाडी, आतून-बाहेरून धुऊन, नवी सीट कव्हरे घालून, काही महिन्यांनी दलालामार्फत त्याच्याकडे आली. दोन लाख साठ हजार देऊन त्याने ती घेतली. आठवड्याने त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर आतल्या टोकाला चिखलाची रेघ. सीटखालचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज. मिस्त्री म्हणाला, “आज चालते, उद्या हायवेवर बंद पडेल. आणि एअरबॅग ऐन वेळी उघडेलच, असं मी सांगणार नाही.” तरुणाने मूळ मालकाला फोन केला. उत्तर आले, “तुम्ही पाहून घेतलीत. पुराचं तुम्ही विचारलंच नाही.”

त्याच आठवड्यात हालोलकडे रोज जाऊन येणारा एक नोकरदार गृहस्थ गाडी पाहून गेला. गाडी त्याला आवडली. तीन लाख द्यायला तो तयार होता. मायलेज, टायर, विमा, सर्व त्याने विचारले. पुराचे मात्र विचारले नाही. त्या संध्याकाळी तरुण माझ्याकडे आला.

“काका, मी खोटं बोलणार नाही,” तो म्हणाला. “त्यांनी विचारलं तर खरं सांगीन. पण आपण होऊन सांगायलाच पाहिजे का? मलाही कुणी सांगितलं नव्हतं.”

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण वीस वर्षांपूर्वी मी माझी स्कूटर विकली, तेव्हा ती थंडीत सकाळी सुरू होत नाही ही गोष्ट मला पक्की ठाऊक होती. म्हणून घेणाऱ्याला मी दुपारी बोलावले होते. उपदेशकाला अशा आठवणी असणे बरे, जीभ आवरते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते. दोष मुद्दाम झाकला तर ती फसवणूकच. तेव्हा मीटर मागे करणे किंवा पुराच्या खुणा झाकणे यांना सबबच नाही. पण नुसत्या मौनाला हा कायदा सहसा फसवणूक म्हणत नाही. त्यासाठी दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. एकाने आपला रोगट घोडा लिलावात विकला आणि रोगाविषयी चकार शब्द काढला नाही, तर ती फसवणूक नव्हे. मात्र विकत घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नाते लक्षात घेता दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते.

वाचकहो, येथे जरा थांबा. घोडा तोच, रोग तोच, विकणाराही तोच. बदलली फक्त घेणारी व्यक्ती. म्हणजे दोष सांगण्यासारखा आहे, हे कायद्यालाही कळते. प्रश्न एवढाच उरतो की समोर उभा असलेला माणूस आपला कोण लागतो? हाच प्रश्न एका शास्त्र्याने प्रभूला विचारला होता, आणि त्याला व्याख्येऐवजी यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट ऐकावी लागली. त्या गोष्टीनंतर ‘हा माझी मुलगी थोडाच आहे’ असे म्हणण्यास आपल्याला जागा उरत नाही.

ख्रिस्ताच्या पूर्वीच्या तत्त्ववेत्त्यांनीही या विषयावर वाद घातला होता. रोमन लेखक सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो धान्याच्या व्यापाऱ्याचा दाखला देतो. रोड्स बेटावर दुष्काळ आहे. व्यापारी गलबतभर धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. त्याने सांगावे काय? डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष सांगावे आणि लबाडी करू नये. बाकी न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितलेच पाहिजे, कारण मनुष्यमात्र एकमेकांशी बांधलेले आहेत. हा अँटिपेटर तार्सस नगरीचा, म्हणजे पुढे ज्या गावी प्रेषित पौल जन्मला तेथला. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडतो. ज्याला कळणे हिताचे आहे, त्याला आपल्या फायद्यासाठी अज्ञानात ठेवणे हेच लपविणे, असे त्याचे म्हणणे.

डायोजिनीसच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याने गाडी केवढ्याला घेतली, त्याला पैशांची किती निकड आहे, हे गिऱ्हाइकाला सांगण्याचे त्याच्यावर बंधन नाही. बंपरवरचा ओरखडा तर गिऱ्हाइकाला दिसतोच. परंतु जे आपल्याला ठाऊक आहे, जे त्याला दिसू शकत नाही, आणि जे कळले तर तो हा सौदा या किमतीला करणार नाही, ते सांगितलेच पाहिजे. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. मोटारीच्या बाबतीत आपण बहुतेक सर्व आंधळेच असतो.

आता त्याच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ: ‘मलाही कुणी सांगितलं नव्हतं.’ माझ्या मते सारी अडचण येथे आहे. तो लोभी नव्हता. त्याला फक्त आपले नुकसान पुढे सरकवायचे होते. पण असे पुढे सरकविलेले नुकसान नाहीसे होत नाही. ज्याला ते पुढे देता येत नाही, जो त्या गाडीत बायको-मुलांना बसवून हायवेवर जाणार, त्याच्या गळ्यात ते शेवटी पडते. फसवणुकीच्या साखळीतील प्रत्येक कडी म्हणते, ‘मी सुरुवात केली नाही.’ ते खरेही असते. पण साखळी तोडण्याचे काम सुरुवात करणाऱ्यावर सोपविता येत नाही. ती आपल्या हाती येते तेव्हाच तोडावी लागते, आणि तोडणाऱ्याला भुर्दंड बसतो.

या भुर्दंडाविषयी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचेच आहे, आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चांगली गाडी कोणती व वाईट कोणती हे घेणाऱ्याला ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येईनासा होतो, आणि बाजारात वाईट मालच उरू लागतो. म्हणजे लबाड विक्रेत्याचे पाप त्याच्या गिऱ्हाइकापुरते राहत नाही. शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराची भाकरीही ते हिरावून घेते. नव्याने उभा राहणारा तरुण हा भार पहिल्या दिवसापासून सोसतो, कारण त्याच्या शब्दाला अजून कोणी ओळखत नाही.

त्याने काय केले? दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला फोन करून पुराचे सांगितले. गृहस्थाने आभार मानले आणि टोकन दिले नाही. तो पुन्हा आलाही नाही. चार महिन्यांनी एका गॅरेजवाल्याने सर्व ऐकून ती गाडी सुट्या भागांसाठी एक लाख सत्तर हजारांना नेली. नव्वद हजारांचा खड्डा पडला. वडील काही दिवस त्याच्याशी बोलत नव्हते. आता तो प्रत्येक गाडीबरोबर तिचे ज्ञात दोष लिहून, सही करून देतो, आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, “तुमचा मिस्त्री घेऊन या.” धंदा चालतो, भरभराट झाली असे म्हणवत नाही. आईच्या पाटल्या अजून झालेल्या नाहीत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रामाणिकपणाचे फळ ताबडतोब मिळते असे मुलांना शिकवू नका. तीही दोष झाकून केलेली विक्रीच होय. किंमत आधी सांगा, मग वस्तू दाखवा.

आणि आपण, जे विकत नाही पण विकत घेतो? वाईट आहे, वाईट आहे असे म्हणत भाव पाडावयाचा आणि घरी जाऊन फुशारकी मारावयाची, ही गिऱ्हाइकाची लबाडी नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात नोंदलेली आहे. आमच्या मंडळीत त्या तरुणाच्या खरेपणाचे कौतुक झाले. पण त्यानंतर मंडळीतील दोन कुटुंबांनी जुनी गाडी घेतली, ती दुसरीकडून, दहा-पंधरा हजार स्वस्त म्हणून. तेथे त्यांनी पुराविषयी विचारले की नाही, मला ठाऊक नाही. खरे बोलणाऱ्याची किंमत आपण टाळ्यांनी चुकती करतो आणि रोख रक्कम मात्र दुसऱ्याच दुकानात देतो. याविषयी आपल्याला कोणी विचारणार नाही. तरीही आपण होऊन स्वतःला हे सांगितलेले बरे.