आधी छत, मग भिंत

एप्रिलमध्ये बारामतीजवळच्या पणदऱ्यात रात्री दहा वाजता स्लॅबच्या खालच्या अंगाला हात लावून पाहावा. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगण निवलेलं असतं, पण छत अजून चटका देतं. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन काँक्रीट रात्री घरात सोडत राहतं आणि पंखा तीच हवा अंगावर फेकतो. म्हातारी माणसं खाट अंगणात काढतात. ज्यांना अंगण नाही, ते एसीचे हप्ते फेडतात.

नवं घर बांधायला निघालं की आता पहिली चर्चा भिंतींसाठी सिपोरेक्सची. एएसी ब्लॉकला आपल्याकडे सर्रास हेच नाव. स्वीडनमध्ये 1920 च्या दशकात निघालेलं हे तंत्र बी. जी. शिर्के यांनी पुण्यात आणलं. सिमेंट, चुना आणि राखेच्या ओल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड पडली की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, आंबवलेल्या पिठासारखं ते फुगतं. मग कापून दाबाच्या वाफेवर पक्कं करायचं. आतल्या पोकळ्यांमुळे ब्लॉक हलका होतो आणि उष्णता विटेपेक्षा कितीतरी चांगली अडवतो. गवंडी म्हणतात, यात खिळा धरत नाही. त्यावर उपाय आहेत.

माझा आक्षेप वेगळा आहे. पणदरे 18 अंश अक्षांशाच्या आसपास. मेच्या मध्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छत खातं. महागड्या भिंती उभ्या करून वर उघडी स्लॅब ओतली, तर वरून आत शिरलेली उष्णता त्याच भिंती बाहेर जाऊ देत नाहीत.

केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेत छतातून उष्णता जाण्याची मर्यादा चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे 1.2 वॅट आहे. सहा इंची उघडी स्लॅब तीनच्या वर जाते. पण ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. गावातलं घर, घरकुल तिच्या हिशेबातच नाही. घरकुलाचे हप्ते बांधकामाचे फोटो पाहून मिळतात. छत किती तापतं, हे कुणी विचारत नाही.

ऊन छतावरच अडवायचं, हे आपल्या माळवदाला कळलेलं होतं. तुळया, त्यावर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पुन्हा माळवदं घाला, असं मी म्हणणार नाही. वाळवी, गळती आणि दर पावसाळ्याआधी माती चोपण्याचे कष्ट ज्यांनी काढले, त्यांनी ती आनंदानं सोडली. पण ऊन आणि माणूस यांच्यामधला तो थर मात्र आपण मातीसोबतच फेकून दिला. आज तो दाट फोमच्या पाट्यांनी आणि वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांनी परत आणता येतो. तो स्लॅबच्या वर हवा. खाली फॉल्स सीलिंग लावलं तरी स्लॅब तापायची ती तापतेच. तेवढे पैसे नसतील तर उन्हाळ्याआधी गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावेत. त्यानंही फरक पडतो.

आणि या छताच्या सिमेंटसाठी आपल्या दाराशी असलेली राख? साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस, जळतं, उसानं जमिनीतून उचललेली सिलिका राखेत उरते. नीट जाळून बारीक दळली तर ती थोड्या सिमेंटची जागा घेऊ शकते. अर्धवट जळलेली, काळी राख मात्र चालत नाही, म्हणून प्रत्येक खेप तपासावी लागते. लंडनमध्ये ईस्ट लंडन विद्यापीठानं बगॅसपासूनच ब्लॉक करून दाखवले. त्यांच्याकडे ऊस पिकत नाही. आपल्याकडे ऊस, कारखाने आणि बारामतीत अभियांत्रिकी कॉलेज, सगळं थोड्याच मैलांत आहे. घरकुलांच्या एका ओळीवर या राखेचं, वर ऊन अडवणारा थर असलेलं छत घालून दोन उन्हाळे आत तापमापक टांगायला आणखी काय लागतं?