आरशातला चंद्र

बालरामाने चंद्रासाठी हट्ट धरला, तेव्हा त्याच्या हाती आरसा दिला आणि रडे थांबले, ही कथा आपण घरोघर सांगतो. त्यात माया आहे. पण राज्यकर्त्याने प्रजेला असा आरसा दाखवावा काय?

प्रथम एक मान्य करू. भाषणावाचून अग्निबाण उडत नाही. पैसा लोकांचा, आणि लोकांना शब्द हलवतात. १२ सप्टेंबर १९६२ रोजी ह्यूस्टनला केनेडी म्हणाले की, आपण चंद्रावर जायचे ते काम अवघड आहे म्हणूनच. त्याच भाषणात त्यांनी खर्चही सांगितला: माणशी आठवड्याला चाळीस सेंटांवरून पन्नासांवर. मात्र त्याच नोव्हेंबरात, बंद खोलीत, आपल्याला अंतराळात तेवढा रस नाही, रशियाच्या पुढे जायचे आहे, असे ते बोलले. ती ध्वनिफीत २००१ साली उजेडात आली. जनतेला आकडा खरा मिळाला, कारण मात्र अर्धेच.

आपल्याकडे वाजपेयींनी १५ ऑगस्ट २००३ रोजी लाल किल्ल्यावरून २००८ पर्यंत चंद्राकडे यान पाठवण्याचा शब्द दिला. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान निघाले. त्याच किल्ल्यावरून २०१८ साली मोदींनी २०२२ पर्यंत, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला, भारतीय माणूस अंतराळात पाठवण्याची घोषणा केली. गगनयान त्या मुदतीत माणूस घेऊन उडाले नाही. विलंब हा गुन्हा नव्हे. पण तारीख यंत्राला विचारून ठरली की सोहळ्याला, हे विचारणे नागरिकाचे काम आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला मोदी म्हणाले, मंगळाचा प्रवास किलोमीटरला सात रुपयांत झाला, रिक्षाहून स्वस्त. सुमारे साडेचारशे कोटी रुपये, पासष्ट कोटी किलोमीटर. भागाकार माझ्या वर्गातले पोरही करील, आणि तो बरोबर आहे. परंतु रिक्षाचे भाडे बसणारा देतो. मंगळाचे भाडे कधीही न बसणारा देतो. त्याला काय मिळाले?

आमच्या मोरा बंदरावरच्या कोळ्याला उत्तर हवे ते हेच. काही उपग्रह त्याच्या उपयोगाचे आहेत. ते वादळ आधी दाखवतात. समुद्राच्या पाण्याचे तपमान व रंग टिपतात, आणि त्यावरून हैदराबादची सागरी माहिती संस्था मासळी कुठे लागेल याचा अंदाज किनाऱ्यावर कळवते. मंगळावरचे यान त्याच्या जाळ्यात एक बोंबील टाकणार नाही. ते केवळ जाणण्यासाठी आहे. जाणणे हेही माणसाचे भूषणच. भुकेचा प्रश्न सुटेपर्यंत आकाशाकडे पाहू नये, असे मी म्हणणार नाही. पण जाणण्याची वस्तू भाकरीच्या नावावर खपवू नये, आणि भाकरीची वस्तू अभिमानाच्या नावावर.

वाचकहो, वक्तृत्वाची कसोटी टाळ्यांत नाही, टाळ्या थांबल्यावर आहे. तेव्हा एखाद्याने उठून किंमत विचारली आणि त्याला देशाचा वैरी न म्हणता उत्तर मिळाले, तर त्या पुढाऱ्याने चंद्र दाखवला. नाही तर तो आरसाच.